सरांच्या फ्रिजमधलं दूध

आमचे सर पाणी पिण्याआधी ग्लासाचा वास घ्यायचे. ग्लास घरचा असो, स्टाफरूममधला असो, की लग्नाच्या पंगतीतला. नाक आत घालून, डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे, मग ग्लास उजेडाकडे धरून तिरपा करायचे आणि मगच एक घोट. पांढरकवड्याला एका विद्यार्थ्याच्या लग्नात नवरदेवाच्या मामांनी हे पाहिलं आणि ते भडकलेच. "काहून हो सर, आमच्या पाण्यात जहर हाय काय?" सर म्हणाले, "नाही ना. मी पाहून घेतलं. आता तुमी बिनघोर प्या." मामा पुढचे दोन तास त्यांच्याकडे पाठ करून बसले होते.

सर यवतमाळच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली एम.फार्म. करत होते. औषधं शिकवणारा माणूस औषधांना इतका भिताना मी दुसरा पाहिला नाही. डोकं दुखलं तर डोक्याला रुमाल आवळून बसायचे. ताप आला तर पायावर ओली पट्टी ठेवून पेपर तपासायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "शिकवतो म्हणूनच भेतो. ज्याले माहीत नाही तो गटकन गिळते." लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्याबद्दल विचारलं की "त्याच्या दुष्परिणामांचा अभ्यास अजून पुरा झाला नाही" एवढंच उत्तर मिळायचं.

त्यांच्या प्रयोगशाळेत एक पद्धत होती, ती मी पुढे कुठल्याच प्रयोगशाळेत पाहिली नाही. प्रत्येकाच्या वहीत समासाच्या बाजूला एक वेगळा रकाना आखलेला असायचा आणि त्याच्यावर लिहिलेलं असायचं 'भीती'. प्रयोग सुरू करण्याआधी आज काय बिघडू शकतं ते तिथे लिहायचं. 'द्रावण उतू जाण्याची', 'वजन चुकण्याची', 'उंदीर चावण्याची'. रकाना रिकामा असला तर सर सही करत नसत. एका मुलाने ऐटीत सांगितलं, "सर, मले कशाचीच भीती नाही." सरांनी त्याला हात जोडले. "मग तुम्ही बाहेर बसा साहेब. आम्ही भेकड लोक काम करून घेतो." सरांना राग आला की ते असे अहो-जाहोवर यायचे. त्यांनी मला 'मॅडम' म्हटलं की मी दिवसभर त्यांच्या समोर जायचं टाळायची. मी महागावच्या तहसील कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, मोठ्या माणसांसमोर मान खाली घालायला घरातूनच शिकून आलेली. भीतीचा रकाना भरायला मला कधीच वेळ लागत नसे. एक भीती मात्र मी त्यात कधी लिहिली नाही. ती सरांची होती.

आणि ते दिवसही तसलेच होते. कापसाची ती वाईट वर्षं. जिल्ह्याचं नाव पेपरात रोज यायचं आणि रोज एकाच कारणाने यायचं. सकाळी पेपर आला की सर तो न उघडता टेबलाच्या खणात टाकायचे आणि दुपारचं काम संपल्यावर काढायचे. आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे कापसाचं शेत, पऱ्हाटी होती. फवारणी सुरू झाली की तो उग्र वास खिडकीतून आत यायचा. मग सर हातातलं टाकून धावत खिडक्या लावायचे, उंदरांचे पिंजरे आतल्या खोलीत हलवायचे आणि आम्हाला एकेक करून विचारायचे, "डोकं जड होऊन राह्यलं काय? मळमळते काय?" आम्ही हसायचो. पण घरी जाताना मीही पदराने नाक धरायची.

आता आम्ही काय करत होतो ते सांगायला हवं. सांधे सुजले, की सूज उतरवणारं औषध देतात. ते पोटातून रक्तात जातं आणि रक्ताबरोबर सगळीकडे फिरतं. गुडघ्याला लागेल तेवढं गुडघ्याला मिळतं, बाकीचं जठर, हाडं, मूत्रपिंड, जिथे जाईल तिथे नासधूस करत जातं. सर हे असं सांगायचे: "गोळी म्हणजे दवंडीवाला. एका घरी निरोप सांगायचा अन् बोंब गावभर. मले पोस्टमन पाह्यजे. ज्याचं पत्र त्याच्याच दारात." हा पोस्टमन म्हणजे चरबीचा कण. डोळ्यांनाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारा. त्याच्या पोटात औषध भरायचं आणि तो शिरेतून सोडायचा. सुजलेल्या सांध्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल झालेल्या असतात. कण पुरेसा लहान असेल तर तो तिथूनच बाहेर पडतो आणि औषध नेमकं तिथेच सुटतं. कण मोठा झाला तर सगळं ओमफस. म्हणून सर आकाराला फार भ्यायचे. दीडशे नॅनोमीटरच्या आत, ही त्यांची लक्ष्मणरेषा होती.

चरबी आणि औषध गरम करून पाण्यात मिसळायचं आणि सोनिकेटर नावाच्या यंत्राची दांडी त्यात बुडवून ध्वनीने ते फोडत राहायचं. त्या यंत्राचा आवाज दाढेत शिरायचा. सर कानात सरकीसकटचा कापूस कोंबून शेजारी उभे राहायचे आणि म्हणायचे, "यंदा कापसाले इथंच काय ती जागा आहे." शेवटी जे तयार व्हायचं ते दुधासारखं पांढरं दिसायचं. छोट्या बाटल्यांत भरून त्यावर बॅचचा नंबर घालायचा आणि थंडीत ठेवायचं. कॉलेजात वीज दिवसाचे कितीतरी तास नसायची. सरांचं घर मात्र सरकारी दवाखान्याच्या लाइनवर होतं. म्हणून आमच्या सगळ्या बॅचेस सरांच्या घरच्या फ्रिजमध्ये, पितळी डब्यात, दुधाच्या पातेल्याशेजारी असायच्या.

त्या फ्रिजची राखण मोठीबाई करायच्या.

मोठीबाई म्हणजे सरांची थोरली बहीण. मारेगावकडच्या एका खेड्यात आईबाप लवकर गेल्यावर त्यांनी कापूस वेचून सरांना वाढवलं, शिकवलं. सर प्राध्यापक झाले तोवर बाईंची बोटं वाकडी व्हायला लागली होती. मी पाहिलं तेव्हा त्या चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून द्यायच्या, कारण बोटांत काही धरता येत नव्हतं. आमच्या बॅचेसना त्या 'दूध' म्हणायच्या. मी नवी बाटली ठेवायला गेले की विचारायच्या, "झालं काय वो पोरी तुमचं दूध?" मी म्हणायची, "अजून नाही बाई, उंदरांवर चालू आहे." त्या म्हणायच्या, "नशीब काढलं उंदरायनं."

बाजाराच्या दिवशी एक डॉक्टर म्हणवणारा माणूस पुड्या विकायला बसायचा. बाई त्या चोरून आणवायच्या. पुडी घेतली की दोन दिवसांत चालायला लागायच्या, हसायच्या, भाकरी थापायच्या. पण चेहरा गोल होत चालला होता आणि हाताला नुसतं कोणी धरलं तरी काळानिळा डाग उठायचा. सरांनी एक पुडी प्रयोगशाळेत आणली आणि मला तपासायला लावली. काचेच्या पट्टीवर डाग उमटला, तो आमच्याकडच्या स्टेरॉइडच्या डागाच्या अगदी शेजारी, त्याच उंचीवर; म्हणजे पुडीत स्टेरॉइडच होतं. सर स्टुलावर बसले. घरी जाऊन त्यांनी बाईंना समजावलं, की ह्याने हाडं पोकळ होतात, पोट फाटतं आणि एकदम सोडलं तर माणूस जागेवर कोसळतो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते मले नाही समजत. ते घेतलं का माही वेणी मले घालता येते. इतकंच मले समजते."

त्यानंतर सरांचा पोस्टमन नुसता संशोधनाचा विषय राहिला नाही. तेच औषध, पण चिमूटभर, आणि फक्त सांध्यात. ते कोणाला बोलून दाखवत नसत, पण आम्हाला कळत होतं, की हे सगळं कोणासाठी चाललंय.

आता माझं पाप सांगते.

नवव्या बॅचच्या दिवशी भारनियमनाच्या तक्त्याप्रमाणे वीज दुपारी जायची होती. ती त्याआधीच गेली. सोनिकेटर मध्येच बंद पडला. सर त्या दिवशी परीक्षेच्या कामाला बाहेर होते. भांड्यातलं गरम मिश्रण माझ्या डोळ्यांदेखत थंड होत गेलं आणि काचेवर बारीक रवाळ थर धरला. वीज आल्यावर मी ते पुन्हा गरम केलं, पुन्हा यंत्र फिरवलं. दिसायला दूधच झालं. ते टाकून द्यायला हवं होतं. पण औषध महागाचं, आणखी मागवायचं तर सरांना कारण सांगावं लागणार, आणि सर म्हणणार, "मॅडम, तक्त्यावर भरवसा ठेवला काय तुम्ही?" त्या एका 'मॅडम'च्या भीतीने मी ते बाटल्यांत भरलं. रकान्यात लिहिलं, 'हात भाजण्याची'.

आकार मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. नमुना बर्फाच्या थर्मासात ठेवून एसटीने नागपूरला न्यावा लागायचा, आणि वेळ मिळायला महिना महिना लागायचा. आमची वेळ नेमकी दुसऱ्याच दिवसाची होती. मी आठव्या बॅचची शिल्लक बाटली घेतली, तिच्यावर 'नऊ' लिहिलं आणि गाडीत बसले. वर्ध्यापर्यंत थर्मास मांडीवर धरून मी स्वतःला समजावत होते, की उंदरांसाठीच तर आहे, दोन उंदीर मरतील, सर कारण शोधतील, तोवर मी नवी बॅच करीन. रिपोर्ट फार सुरेख आला. सरांनी तो घरच्या कपाटाच्या दाराला चिकटवला आणि नऊच्या बाटल्या उंदरांना न देता जपून ठेवल्या. त्यानंतर प्रत्येक दिवशी मी सांगणार होते. आणि रोज मला वाटायचं, की आता सांगायला उशीर झालाय.

हिवाळ्यात पुड्यावाला बाजारात यायचा बंद झाला. पोलीस मागे लागले म्हणे. बाईंच्या पुड्या तुटल्या आणि दुखणं दुपटीने उलटलं. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी त्यांना रक्ताची उलटी झाली, म्हणून त्याही थांबवाव्या लागल्या. मी बाटली ठेवायला गेले तेव्हा बाई खाटेवर कुशीवर पडून होत्या आणि सर पायाशी बसले होते. मी फ्रिजचं दार उघडलं तसं बाईंनी मान वळवली.

"बापू," त्या सरांना म्हणाल्या, "इतके वर्षं उंदरायले देऊन राह्यला. मले काहून नाही देत?"

सरांनी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"मी काय उंदरापेक्षा कमी हाय काय रे?"

त्यानंतर तीन आठवडे सर कॉलेजात असून नसल्यासारखे होते. मग एका शनिवारी मला म्हणाले, "उद्या दुपारी घरी ये. उंदराच्या शेपटीतली शीर तुले सापडते. तुझा हात हलत नाही. माझा हलते." मी का म्हणून विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

रविवारी गेले तेव्हा बाई न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून बसल्या होत्या. डावा हात उशीवर ठेवलेला, चोळीची बाही वर सारलेली. चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता. "लागन काय वो पोरी?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. सरांनी हात तीनदा धुतले. पितळी डबा आणला. बाटली काढली आणि लेबल वाचून दाखवलं, "नऊ. सगळ्यात चांगला रिपोर्ट हिचा."

माझ्या कानात कसला तरी आवाज सुरू झाला.

सरांनी बाटलीतलं सिरिंजमध्ये ओढलं आणि पुढे बारीक गाळणी लावून दाबलं. दट्ट्या हलला नाही. दात आवळून दाबलं. दोन थेंब आले आणि अडकलं. "गाळणी जुनी असन," म्हणून त्यांनी दुसरी लावली. तीही अडकली. सरांच्या कपाळावर घाम आला होता. ते क्षणभर कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या रिपोर्टकडे पाहत राहिले. मग त्यांनी गाळणी काढून टाकली, सुई लावली आणि सिरिंज माझ्या हातात दिली. "रिपोर्ट चांगला आहे. तसंच दे. हळूहळू."

मी बाईंचा दंड धरला. शीर मला लगेच सापडली. कातडी कागदासारखी पातळ होती आणि शीर तिच्याखाली हिरवी उठून दिसत होती. सुई तिथून बोटभर अंतरावर होती. माझा हात खरंच हलत नव्हता, आणि मला स्वतःचीच इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"सर, रिपोर्ट ह्याचा नाही," मी म्हणाले. "आठचा आहे. नऊच्या वेळी लाइट गेली होती."

मी ओरडा खायला तयार होते. 'मॅडम' ऐकायला तयार होते. सरांनी माझ्या हातातली सिरिंज अलगद काढून घेतली आणि स्टीलच्या ताटलीत ठेवली.

"गुठळ्या झाल्या होत्या?"

"हो."

"मोजलंच नाही?"

"नाही सर."

"मले भ्याली?"

मी मान हलवली. सर खाटेच्या कडेवर बसले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. बाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होत्या.

"काय झालं बापू? देऊन राह्यला ना?"

"आज नाही बाई."

"मंग कधी?"

सरांनी सिरिंज उचलून मोरीत रिकामी केली. बाईंनी वाकड्या मनगटाने बाही खाली ओढायला सुरुवात केली. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी दंड काढून घेतला. "तू राहू दे," म्हणाल्या.

फाटकापर्यंत सर मला सोडायला आले. त्या गुठळ्या शिरेतून गेल्या असत्या तर फुप्फुसात अडकल्या असत्या. काही मिनिटांत सगळं संपलं असतं, माझ्या हातून. हे त्यांनी परीक्षेतलं उत्तर सांगावं तसं सांगितलं आणि आत गेले. मी फाटकाला धरून तिथेच उभी राहिले. आजही कोणाच्या दंडाला सुई टोचताना मी पाहू शकत नाही.

माझं वर्ष गेलं. सरांनी मला काढून टाकलं नाही. पुन्हा पहिल्यापासून कर म्हणाले. मी सहा बॅचेस केल्या. प्रत्येकीच्या वेळी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत शेजारी उभे राहिले, नागपूरला स्वतः माझ्याबरोबर आले. सहाही लक्ष्मणरेषेच्या आत होत्या. उंदरांच्या सुजवलेल्या पायांची सूज बघता बघता उतरायची. एकेक करून बाटल्या पितळी डब्यात गेल्या. मी फ्रिज उघडला की बाई भिंतीकडे तोंड करायच्या. एकदाच बोलल्या. "हे बरं हाय काय?"

"हाव बाई," मी म्हटलं. "हे बरं आहे."

"मंग त्याले सांग ना वो."

मी सरांना सांगितलं. ते 'पाहू' म्हणाले. त्यानंतर ते रोज घरी गेल्यावर एक बाटली काढायचे, खिडकीशी धरून पाहायचे आणि परत ठेवायचे. बाई खाटेवरून ते पाहायच्या. काही दिवसांनी त्यांनी मागणं सोडून दिलं.

उन्हाळ्यात त्या गेल्या. छातीत कफ भरला, आणि अंगात झुंजायला काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. सकाळची वेळ, घरात सरांशिवाय कोणी नव्हतं. सर स्वयंपाकघरात खाली बसले होते आणि समोर पितळी डबा उघडा होता. सहाही बाटल्या त्यांनी ओळीने फरशीवर मांडल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले.

"हे सहाही चांगले होते ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"मग मी काहून नाही दिलं?"

मी त्यांना उत्तर दिलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांवरची चाचणी झाली नव्हती, परवानगी नव्हती, डॉक्टर हजर नव्हते. निर्जंतुक केल्याची खात्री नव्हती. किती द्यायचं तेच माहीत नव्हतं. हे सगळं त्यांनीच मला शिकवलं होतं आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तोंडी परीक्षेत ऐकायचे तसं त्यांनी मान हलवत शेवटपर्यंत ऐकलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मी त्याच्यासाठी नाही थांबलो. त्या रविवारी तू बोलली ना, तेव्हा मले राग नाही आला. आता द्यावं नाही लागत म्हणून मले सुटल्यासारखं वाटलं. अन् ते बाईनं पाह्यलं."